बाइकला एक्स्ट्रा लाइट लावताय? आधी स्विच, रिले आणि फ्यूजचं गणित समजून घ्या

पावसाळ्यात ताम्हिणी, माळशेज किंवा आंबोलीच्या घाटात रात्री बाइक चालवली असेल, तर कंपनीचा हेडलाइट कुठे कमी पडतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणूनच आज दर दुसऱ्या बाइकवर फॉग लाइट दिसतात. लाइट ऑनलाइन मिळतात, आणि फिटिंग कसं करायचं ते ३० सेकंदांच्या रीलमध्ये दिसतं. दोन वायर बॅटरीला, मध्ये एक स्विच, झालं काम!

लाइट लागतात, हे खरंच. प्रश्न तीन महिन्यांनंतर सुरू होतात. स्विच गरम होतो, सकाळी सेल्फ लागत नाही, आणि नशीब खराब असेल तर सीटखालून धूर येतो. लाइट तेच असतात, चूक वायरिंगमध्ये असते. आज आपण हे वायरिंग नीट कसं करायचं, आणि प्रत्येक पार्ट तिथे का असतो, हे बघूया. "का" कळलं की उद्या लाइटऐवजी हॉर्न लावायचा असला तरी हेच ज्ञान कामी येईल.

थोडक्यात सांगायचं तर

- लाइटचा पूर्ण करंट स्विचमधून न्यायचा नाही, रिलेमधून न्यायचा. स्विच फक्त रिलेला हुकूम देतो.
- फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवायचा. तो लाइटसाठी नसतो, वायरसाठी असतो.
- स्विचला करंट चावीनंतरच्या वायरमधून द्यायचा, म्हणजे लाइट चुकून चालू राहून बॅटरी उतरणार नाही.
- लाइटचा झोत खाली ठेवायचा. समोरच्याला दिसलं नाही तर अपघात आपलाच होतो.

१२ व्होल्टला हलकं समजू नका

फास्ट चार्जर सगळ्यांनी पाहिलाय. त्यावर ९ व्होल्ट, २ अँपिअर असं लिहिलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार केला की १८ वॅट होतात. सूत्र एवढंच: वॅट = व्होल्ट × अँपिअर. गाडीतही हेच सूत्र चालतं.

आता एक तुलना करू. घरात ४० वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर चालतो. त्याला करंट लागतो ४० ÷ २३० = सुमारे ०.१७ अँपिअर. बाइकवर २० वॅटचे दोन लाइट लावले, तर वॅट तेवढेच, म्हणजे ४०. पण बॅटरी १२ व्होल्टची. म्हणजे करंट ४० ÷ १२ = सुमारे ३.३ अँपिअर. काम तेवढंच, करंट मात्र जवळपास २० पट!

"१२ व्होल्टच तर आहे, शॉक थोडीच लागणार" असं आपण म्हणतो. शॉक लागत नाही, बरोबर. पण वायर आणि स्विच तापतात ते करंटमुळे, आणि कमी व्होल्टेजच्या गाडीत करंटच जास्त असतो. म्हणून घरातली बारीक वायर तेवढ्याच वॅटच्या बल्बला पुरते, आणि गाडीत तीच वायर कमी पडते.

कारमध्ये ५५ वॅटचे दोन हॅलोजन फॉग लॅम्प असतील तर हिशोब करून बघा: ११० ÷ १२ = सुमारे ९.२ अँपिअर. इथे तर चूक करायला जागाच नाही.

एक सूचना: स्वस्त एलईडी लाइटच्या बॉक्सवरचे वॅट डोळे झाकून मानू नका. बोटाएवढ्या लाइटवर १२० वॅट छापलेलं असू शकतं. खरा करंट मल्टिमीटरने मोजता येतो. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला आणि मीटर लाइटच्या वायरच्या मध्ये, म्हणजे रांगेत जोडा. अँपिअरवर ठेवलेला मीटर थेट बॅटरीच्या दोन टोकांना कधीही लावू नका. तो शॉर्टच असतो. मीटरचा फ्यूज उडेल, किंवा मीटरच जाईल.

स्विचमधून डायरेक्ट दिलं तर काय बिघडतं?

स्विचच्या आत धातूचे दोन छोटे पॉइंट असतात. स्विच दाबला की ते एकमेकांना टेकतात. नवीन असताना टेकणं चांगलं असतं. धूळ, पावसाचं पाणी आणि बाइकची थरथर यांमुळे हळूहळू तिथे रोध वाढतो. समजा तो ०.२ ओहम झाला. तापण्याचं सूत्र आहे करंट × करंट × रोध.

- लाइटचा पूर्ण करंट, म्हणजे ३.३ अँपिअर स्विचमधून गेला तर: ३.३ × ३.३ × ०.२ = सुमारे २.२ वॅट. एवढी उष्णता मोहरीएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या डबीत.
- तोच स्विच फक्त रिलेला हुकूम देत असेल तर करंट साधारण ०.१५ अँपिअर. उष्णता ०.१५ × ०.१५ × ०.२ = ०.००४५ वॅट. म्हणजे नगण्य.

करंट २२ पट कमी झाला, पण उष्णता जवळपास ५०० पट कमी झाली. रिले लावण्याचं खरं कारण हे आहे.

दुसरी गोष्ट. काही जण घरातला ६ अँपिअरचा स्विच बाइकला लावतात. "६ अँपिअर लिहिलंय, आपल्याला तर ३ च लागतात" हा त्यामागचा विचार. पण ते ६ अँपिअर एसी करंटसाठी असतात. एसी करंट दर सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच बंद करताना पडणारी ठिणगी आपोआप विझते. बॅटरीचा करंट डीसी असतो, तो शून्यावर येत नाही. ठिणगी जास्त वेळ टिकते आणि पॉइंट जळत जातात. शिवाय घरचा स्विच पाण्यासाठी आणि थरथरीसाठी बनलेलाच नसतो. हँडलवर लावायला वॉटरप्रूफ, १२ व्होल्ट डीसी लिहिलेला स्विच घ्या.

रिले म्हणजे नेमकं काय?

गावाकडे शेतात पंपाची मोटार सुरू करताना पाहिलंय? आपण स्टार्टरचं हिरवं बटण हलकंच दाबतो, आत "खट्" आवाज होतो आणि मोटार सुरू होते. मोटारीचा मोठा करंट आपल्या बोटाखालच्या बटणातून जात नाही. बटण फक्त आतल्या कॉइलला करंट देतं, कॉइलचं लोहचुंबक होतं, आणि ते मोठे पॉइंट ओढून जोडतं. रिले म्हणजे याच स्टार्टरचं काड्यापेटीएवढं रूप.

गाडीच्या साध्या रिलेला ४ पिना असतात आणि खाली नंबर छापलेले असतात. हे नंबर बहुतेक रिलेंवर सारखेच असतात, म्हणून पाठ करून ठेवा:

- ३० : बॅटरीकडून येणारा मोठा करंट, फ्यूजमधून आलेला
- ८७ : लाइटकडे जाणारा करंट
- ८६ : स्विचकडून येणारा हुकूम
- ८५ : अर्थ, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह किंवा गाडीची बॉडी

८५ आणि ८६ च्या मध्ये कॉइल असते. मल्टिमीटरने तिचा रोध साधारण ८० ओहमच्या आसपास मिळतो. १२ ÷ ८० = ०.१५ अँपिअर. वर वापरलेला आकडा इथूनच आला.

५ पिनांचा रिले मिळाला तर त्यात ८७ए नावाची जास्तीची पिन असते. रिले बंद असताना ३० नंबर या पिनेला जोडलेला असतो. म्हणजे चुकून लाइट ८७ए ला जोडलात, तर स्विच बंद असताना लाइट चालू आणि चालू केल्यावर बंद! आपल्याला ही पिन लागत नाही. तिला मोकळी सोडा आणि टेप लावा.

फ्यूज कुठे आणि किती अँपिअरचा?

सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. लाइट खराब होऊ नये म्हणून फ्यूज असतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर तो वायरला आग लागू नये म्हणून असतो.

असं बघा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून रिलेपर्यंत एक वायर टाकीखालून गेली आहे. फ्रेमच्या धारदार कडेला ती घासत राहिली, वरचं प्लॅस्टिक सोललं आणि आतलं तांबं फ्रेमला टेकलं. फ्रेम म्हणजे निगेटिव्ह. झाला शॉर्ट. जी बॅटरी सेल्फ मारताना अख्खं इंजिन फिरवते, ती आपली सगळी ताकद त्या बारीक वायरमध्ये ओतते. काही सेकंदांत वायर लाल होते, आणि तिच्या वर पेट्रोलची टाकी असते.

आता फ्यूज कुठे आहे यावर सगळं अवलंबून. फ्यूज लाइटजवळ असेल तर शॉर्ट त्याच्या आधीच झाला, फ्यूजला पत्ताच नाही. फ्यूज बॅटरीजवळ असेल तर तो लगेच उडतो आणि विषय संपतो. म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १५–२० सेंटिमीटरच्या आत लावा.

किती अँपिअरचा? लाइटच्या करंटला १.२५ ने गुणा आणि त्याच्या वरचा जवळचा फ्यूज घ्या.

- बाइक, ४० वॅट एलईडी: ३.३ × १.२५ = ४.१, म्हणून ५ अँपिअर
- कार, ११० वॅट हॅलोजन: ९.२ × १.२५ = ११.५, म्हणून १५ अँपिअर

पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात: ५ फिकट तपकिरी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. फ्यूज सारखा उडत असेल तर मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद गुंडाळून लावणे हा उपाय नाही. फ्यूज सांगतोय की कुठेतरी वायर टेकतेय. मोठा फ्यूज लावला की आता फ्यूजच्या जागी वायर जळणार.

वायर कशी घ्यायची?

बाइकच्या ३–४ अँपिअरसाठी बॅटरी–रिले–लाइट या मार्गावर १.५ चौरस मिलिमीटरची, अनेक बारीक तारांची तांब्याची वायर पुरेशी आहे. कारच्या हॅलोजनसाठी २.५ घ्या. स्विचच्या बाजूला करंट अगदी थोडा, तिथे ०.५ किंवा ०.७५ चालते.

बारीक वायरमुळे फक्त तापण्याचा धोका नसतो, प्रकाशही कमी होतो. कारच्या ९.२ अँपिअरसाठी ०.७५ ची ५ मीटर वायर वापरली तर वाटेतच सुमारे १ व्होल्ट गळतो. हॅलोजन एवढ्यानेच जवळपास पाव भाग मंद होतो. २.५ ची वायर असेल तर गळती फक्त ०.३ व्होल्टच्या आसपास. "लाइट महागडे आणले पण उजेड पडत नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा वायरच असते.

दुकानात वायरचं टोक ब्लेडने खरवडून बघा. वरून तांबूस आणि आतून पांढरट निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ती वायर थरथरीने लवकर तुटते, आणि तेवढ्याच जाडीत करंटही कमी वाहते. एका तारेची कडक वायरही बाइकवर नको.

स्विचला करंट कुठून द्यायचा?

लहान बाइकची बॅटरी साधारण ३ ते ५ अँपिअर-अवरची असते. ४ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर ३.३ अँपिअरचे लाइट इंजिन बंद ठेवून चालू राहिले, तर तासाभरात बॅटरी आडवी. चहाच्या टपरीवर थांबलात आणि स्विच विसरलात, की परतताना किक किंवा धक्का. म्हणून स्विचला करंट अशा वायरमधून द्या जी चावी फिरवल्यावरच जिवंत होते.

ती शोधायची कशी? मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी पिन बॉडीला, लाल पिन वायरला लावा. चावी बंद असताना ०, चालू केल्यावर १२ च्या आसपास दिसलं की तीच वायर. बहुतेक बाइकवर टेललाइटची किंवा ब्रेक स्विचची वायर यासाठी सापडते. कारमध्ये वायर कापायची गरजच नाही; फ्यूज बॉक्समध्ये बसणारा फ्यूज टॅप मिळतो, तो चावीवर चालणाऱ्या जागेत लावा.

रंगावर मात्र विश्वास ठेवू नका. होंडाच्या बाइकमध्ये हिरवी वायर अर्थ असते आणि काळी वायर चावीनंतरची पॉझिटिव्ह. यामाहात काळी वायर अर्थ असते! मित्राच्या गाडीवर बघितलेला रंग तुमच्या गाडीवर जोडलात तर थेट शॉर्ट होईल. मीटर लावून खात्री करायची, मगच जोडायचं.

हेडलाइटच्या वायरवरून रिले चालवायचा विचार असेल तर दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, १ एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंदच होत नाही. म्हणजे तुमचे लाइटही दिवसाढवळ्या चालू राहतील. दुसरी, जुन्या बऱ्याच लहान बाइकमध्ये हेडलाइटला थेट इंजिनकडून एसी करंट येतो. त्यावर साधा रिले नीट ओढत नाही, नुसता थरथरतो.

लागणारं सामान

- १२ व्होल्टचा ४ पिनांचा रिले, सॉकेटसह
- पाण्यापासून बचाव करणारा फ्यूज होल्डर आणि फ्यूज, दोन-तीन जास्तीचे
- वॉटरप्रूफ स्विच
- १.५ आणि ०.५ ची वायर
- लग, कनेक्टर आणि ते दाबायचा क्रिंपिंग पक्कड
- हीट श्रिंक स्लीव्ह, केबल टाय, वायरवर चढवायची जाळीची किंवा नालीदार नळी
- मल्टिमीटर

स्टेप बाय स्टेप जोडणी

१. काही उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक कपलरचा, प्रत्येक वायरचा. परत बसवताना हेच फोटो सगळ्यात जास्त उपयोगी पडतात.

२. चावी काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा. आधी पॉझिटिव्ह सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी उडते. निगेटिव्ह आधी निघालेली असेल तर पाना टेकला तरी काही होत नाही. जोडताना उलट: निगेटिव्ह सर्वात शेवटी.

३. लाइट बसवा. हँडल पूर्ण डावी-उजवीकडे फिरवा, सस्पेन्शन दाबून बघा. वायर ताणली किंवा चिमटली जाता कामा नये.

४. रिलेची जागा ठरवा. सीटखाली किंवा साइड पॅनलच्या आत, सायलेन्सरपासून लांब. पिनांचं तोंड खाली ठेवा, म्हणजे गाडी धुताना पाणी साचणार नाही.

५. मोठ्या करंटचा मार्ग जोडा: बॅटरी पॉझिटिव्ह → फ्यूज होल्डर → रिले ३०. मग रिले ८७ → दोन्ही लाइटच्या पॉझिटिव्ह वायर. फ्यूज होल्डरमध्ये अजून फ्यूज घालू नका.

६. लाइटच्या निगेटिव्ह वायर एकत्र करून बॅटरीच्या निगेटिव्हला न्या. बॉडीला अर्थ द्यायचाच असेल तर रंग खरवडून, स्वच्छ धातूवर, बोल्टखाली लग दाबून द्या. रंगावर दिलेला अर्थ म्हणजे अर्धवट अर्थ.

७. हुकमाचा मार्ग जोडा: चावीनंतरची वायर → १ किंवा २ अँपिअरचा छोटा फ्यूज → स्विच → रिले ८६. रिले ८५ → अर्थ. काही रिलेत ८५–८६ च्या मध्ये डायोड असतो, त्यात ही दिशा उलटी चालत नाही. म्हणून सवय म्हणून ८६ लाच पॉझिटिव्ह द्या.

८. सगळे जोड क्रिंप करा आणि त्यावर हीट श्रिंक चढवा. वायर पिळून टेप गुंडाळणं हा जोड नाही. उन्हाने टेपचा गोंद सुटतो आणि पावसाळ्यात आत हिरवा गंज चढतो.

९. वायर नळीत घालून गाडीच्या मूळ हार्नेसबरोबर टायने बांधा. धारदार कडा, हँडलचा सांधा आणि इंजिन टाळा.

१०. बॅटरी जोडा, फ्यूज घाला, चावी चालू करून स्विच दाबा. रिलेचा "खट्" आवाज आणि लाइट, दोन्ही आले पाहिजेत. १५ मिनिटं चालू ठेवून प्रत्येक जोडाला हात लावा. कुठलाही जोड गरम लागला तर तो परत करा.

शेवटी चार्जिंग तपासा. इंजिन चालू, थोडा रेस, सगळे लाइट चालू. बॅटरीवर १३ व्होल्टच्या वर दिसलं तर उत्तम. १२.६ च्या खाली जात असेल तर गाडी जेवढी वीज बनवते त्यापेक्षा तुम्ही जास्त खर्च करताय. मग कमी वॅटचे लाइट लावा. मोठी बॅटरी लावून हा प्रश्न सुटत नाही, फक्त पुढे ढकलला जातो.

लाइट लागत नाहीत? असं शोधा

- "खट्" आवाज येतो, पण लाइट नाही: हुकमाचा मार्ग ठीक आहे. ३० नंबरवर १२ व्होल्ट आहेत का बघा. नसतील तर मुख्य फ्यूज किंवा त्याच्या आधीचा जोड. ३० वर आहेत आणि ८७ वर नाहीत, तर रिले खराब. दोन्हीकडे आहेत, तर लाइटचा अर्थ किंवा उलटी जोडलेली एलईडी.
- आवाजच येत नाही: ८६ वर स्विच दाबल्यावर १२ व्होल्ट येतात का? येत असतील तर ८५ चा अर्थ बघा. येत नसतील तर स्विच, छोटा फ्यूज किंवा चावीची वायर.
- लाइट मंद किंवा फडफडतात: दहापैकी नऊ वेळा अर्थ. लाइट चालू असताना मीटरची एक पिन लाइटच्या निगेटिव्हला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. अर्धा व्होल्ट दिसला तरी तो जोड खराब आहे.

समोरच्याचे डोळे आणि कायदा

वायरिंग एकदम परफेक्ट झालं आणि झोत वर राहिला, तर तुम्ही गाडीवर संकट बसवलंय. अरुंद रस्त्यावर समोरचा ट्रकवाला दोन-तीन सेकंद आंधळा झाला, तर तो येणार तुमच्याच अंगावर.

गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून ५ मीटर अंतरावर उभी करा आणि तुम्ही स्वतः वर बसा. लाइटचा मध्य जमिनीपासून जितका उंच, त्या उंचीवर भिंतीवर खूण करा. उजेडाची वरची कड त्या खुणेच्या ५ ते १० सेंटिमीटर खाली असली पाहिजे. मागे माणूस बसला की पुढचा भाग वर होतो, तेव्हाही एकदा बघा.

लांब फेकणारे स्पॉट लाइट असतील तर स्विचचा करंट अप्परच्या वायरवरून घ्या, अर्थात तुमच्या गाडीत ती डीसी असेल आणि हेडलाइट साध्या बल्बचा असेल तर. मग डिप्पर मारला की स्पॉट लाइट आपोआप बंद होतात, आठवण ठेवायची गरज नाही.

धुक्यात पिवळा लाइट आरपार जातो, असं सर्रास सांगितलं जातं. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा खूप मोठे असतात, त्यामुळे पांढरा काय नि पिवळा काय, दोन्ही जवळपास सारखेच विखुरतात. पिवळा काहींच्या डोळ्यांना कमी टोचतो एवढंच. खरा फरक पडतो तो लाइट खाली बसवल्याने आणि झोत रुंद-चपटा असल्याने. धुक्यात अप्पर लावला की समोर पांढरी भिंत दिसते, ती याच कारणाने.

कायद्याचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परवानगीशिवाय बदल करण्यावर बंधन घालतं. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२ए नुसार, नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढच्या बाजूला लाल दिवा आणि पोलिसांसारखे लाल-निळे फ्लॅशर खासगी गाडीवर चालत नाहीत. तुमच्या मॉडेलसाठी कंपनीचीच फॉग लाइटची ॲक्सेसरी मिळत असेल तर पहिली पसंती तिला द्या. तिचा हार्नेस तयार असतो, मूळ वायर कापावी लागत नाही आणि वॉरंटीचा वादही होत नाही. बाहेरचे लाइट लावणार असाल तर आधी आरटीओत चौकशी करा. शहरात गरज नसताना ते बंदच ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लाइट फक्त १० वॅटचा आहे, तरी रिले हवा का?
करंट १ अँपिअरच्या आत असेल आणि स्विच डीसीचा, चांगल्या दर्जाचा असेल तर रिलेशिवाय चालतं. फ्यूज मात्र तेव्हाही हवाच.

लाइटला तीन वायर आहेत, काय करू?
बहुतेक वेळा एक अर्थ, एक पांढऱ्या आणि एक पिवळ्या उजेडासाठी असते. प्रत्येक रंगाला वेगळा रिले आणि दोन बाजूंचा स्विच लावा. कोणती वायर कशाची, हे आधी फ्यूज लावून बॅटरीवर तपासा.

हॉर्नलाही हेच वायरिंग चालेल का?
हो, मार्ग तोच. फक्त हॉर्नचा करंट बघून फ्यूज आणि वायर निवडा.

दाबून बसवायच्या निळ्या क्लिप वापरू का?
कारच्या आत, कोरड्या जागेत एकवेळ ठीक. बाइकवर नको. त्या वायरच्या तारा कापतात आणि आत पाणी शिरतं.

मी स्वतः करू की मेकॅनिककडे जाऊ?
मल्टिमीटर हाताळता येत असेल तर स्वतः करा. येत नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, पण तीन गोष्टी समोर उभं राहून बघा: फ्यूज बॅटरीजवळ आहे का, रिले आहे का, आणि चावी काढल्यावर लाइट बंद होतात का. तिन्हींची उत्तरं "हो" असतील तरच पैसे द्या.

मित्रांनो, ज्यांच्या बाइकवर आधीच एक्स्ट्रा लाइट आहेत, त्यांनी आज एकच काम करा. सीट उघडा आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून निघणारी जास्तीची वायर बोटाने चाचपत जा. वीतभर अंतरात फ्यूज सापडला तर छान. नाही सापडला, तर पुढच्या राइडच्या आधी तो बसवून घ्या.